ठोसा न चालणारी चेटकीण : पॉपायच्या सी हॅगचं प्रकरण

कार्टूनमधल्या खलाशी पॉपायकडे प्रत्येक संकटावर एकच तोड आहे. पालकाचा डबा फोडायचा, दंडावर गाठ उठली की ठोसा लगावायचा, आणि समोरचा थेट क्षितिजापार. सी हॅग समोर आली की ही तोड निकामी होते, कारण बाईवर हात उचलायचा नाही हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. ती चेटकीण असो, चाच्यांच्या गलबताची मालकीण असो, अगदी त्याच्याच जिवावर उठलेली असो, नियम मोडायचा नाही.

नायकाचं एकमेव हत्यार जिच्यावर चालत नाही अशी खलनायिका मुलांच्या समुद्री साहसमालिकेत ठेवली, तर गोष्ट संपवायची कशी, हा या प्रकरणाचा प्रश्न. 1929 पासून पुढची पाऊणशे वर्षं वर्तमानपत्रातली चित्रपट्टी, टीव्ही कार्टून, व्हिडिओ गेम आणि संगणकीय ॲनिमेशन अशा चारही माध्यमांत तो वेगवेगळ्या लोकांच्या वाट्याला आला. काही उत्तरं फार सुरेख निघाली, काही निव्वळ पळवाटा. दोन्ही प्रकार लेखकांच्या आणि स्टोरीबोर्ड करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत, पळवाटा बहुधा जास्तच.

ती पालकाच्याही आधीची

एल्झी सीगर यांची ‘थिंबल थिएटर’ ही चित्रपट्टी 19 डिसेंबर 1919 रोजी ‘न्यूयॉर्क इव्हिनिंग जर्नल’मध्ये सुरू झाली. ऑलिव्ह ऑइल (पुढे पॉपायची प्रेयसी), तिचा भाऊ कॅस्टर ऑइल आणि ऑलिव्हचा त्या वेळचा मित्र हॅम ग्रेव्ही ही त्यातली मूळ मंडळी. पॉपाय आला तो थेट 17 जानेवारी 1929 ला, आणि तोही बिगारीवर: कॅस्टरला डाइस आयलंडला जायचं होतं आणि गलबत चालवायला खलाशी हवा होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘ब्लॅक बार्नकल’ नावाच्या गलबतासह सी हॅग अवतरली.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या वेळी पॉपायच्या ताकदीचा पालकाशी काही संबंध नव्हता. बर्निस नावाच्या एका जादुई व्हिफल कोंबडीचं डोकं चोळलं की नशीब उजळतं, या युक्तीवर डाइस आयलंडची गोष्ट चालली होती. पालक नंतर आला. ब्लूटो तर 1932 मध्ये एका कथानकापुरता आला आणि त्याला कायमचा प्रतिस्पर्धी केलं ते कार्टूनवाल्यांनी. म्हणजे सी हॅग ही पॉपायची सर्वांत जुनी मोठी वैरीण, ब्लूटोहून जवळजवळ तीन वर्षांनी थोरली. ब्लूटो ठोशासाठी बेतलेला आहे, सी हॅग तशी बेतलेलीच नाही. एकीकडे ठोशाची सवय वाढत गेली आणि दुसरीकडे ती पूर्वीसारखीच राहिली, म्हणून पुढे कोंडी झाली.

सीगर यांनी तिला पृथ्वीवरची शेवटची खरी चेटकीण म्हणून उभं केलं. अंगभर काळा झगा, डोक्यावर टोपडं, वाकलेलं नाक आणि वर वळलेली हनुवटी एकमेकांना भिडायला आलेली. सोबत बर्नार्ड नावाचं गिधाड. मात्र तिचा धंदा चेटकाचा नाही. तो चाच्याचा आहे: जहाजं लुटायची, खजिना साठवायचा, माणसं धाकात ठेवायची. मुलांच्या गोष्टीत ही विभागणी फार कामाची ठरते. जादू हे तिचं साधन, सोनं हे तिचं उद्दिष्ट. चेटकिणीला नुसतं ‘दुष्ट’ ठेवलं की प्रत्येक भागात ती दुष्टपणा का करते आहे हे लेखकाला नव्याने शोधावं लागतं. तिला ठरावीक ठिकाणचा ठरावीक खजिना हवा असेल, तर नकाशा काढला की अर्धं कथानक तयार होतं.

मूळ उत्तर : तिला सोडा, तिच्याभोवतीचं पाडा

सीगर यांचं उत्तर सर्वांत नीट दिसतं ते ‘प्लंडर आयलंड’ या रविवारच्या रंगीत पानांवरच्या कथानकात. डिसेंबर 1933 ते जुलै 1934, म्हणजे तीसहून अधिक रविवार ते चाललं. सी हॅगने चाच्यांची लूट एका बेटावर साठवली आहे आणि पॉपायची टोळी त्या खजिन्याच्या मागावर निघाली आहे, एवढाच कथेचा सांगाडा.

सीगर इथे सी हॅगला क्वचितच लढायला पुढे करतात. तिच्यासाठी लढतो तो गून: केसाळ हातपाय, लांबलचक नाक, कळणार नाही अशी बोली, आणि अंगात पॉपायला भारी पडेल इतकी ताकद. चेटकिणीवर ठोसा चालत नाही, गूनवर चालतो. वाचकाला मारामारीही मिळते आणि नायकाचा नियमही अभंग राहतो. बहुतेक लेखक इथेच थांबले असते. सीगर पुढे गेले. हा गून म्हणजे बाई आहे, एका पिल्लाची आई आहे आणि सी हॅगच्या धाकाखाली राबते आहे, हे उघड होतं आणि पॉपायचा उगारलेला हात तिथेच थांबतो. ज्या नियमामुळे सी हॅग सुरक्षित होती, तोच नियम आता तिच्या रक्षकालाही लागू झाला. ही ॲलिस द गून पुढे पॉपायच्या गोटात आली आणि त्याच्याकडच्या तान्ह्या स्वीपीला सांभाळू लागली.

तंत्राच्या भाषेत सांगायचं तर नियम प्रथम अडथळा म्हणून वापरला, मग त्याच नियमातून पात्राचं पारडं फिरवलं. सी हॅगची फौज मारून संपली नाही, ती तिला सोडून गेली. आपल्या माणसांना धाकात ठेवणाऱ्या खलनायिकेचा पराभव तिच्या माणसांनी तिला सोडल्यावरच पटतो.

दुसरी वाट पॉपायचा खादाड सोबती विंपी याची. त्याला नियम-बियम काही नाहीत, भूक आहे. जेवायला मिळावं म्हणून तो सी हॅगशीच लाडीगोडी सुरू करतो. बाहुबळ जिथे थांबतं तिथे खादाडपणा आत शिरतो, आणि चेटकिणीलाही कुणीतरी गोड बोलावंसं वाटतं ही बारीकशी बाब त्यातून कळते. पानभर विनोदात खलनायिकेला एवढी माणुसकी मिळणं दुर्मिळ आहे.

या दोन्ही उत्तरांची किंमत म्हणजे जागा. ॲलिसचं गुपित उघड होण्याआधी तिची दहशत वाचकाच्या मनात आठवडेच्या आठवडे मुरली होती, म्हणून ते वळण बसलं. हेच सहा मिनिटांत कोंबलं तर गून येतो, मार खातो, रडतो आणि मित्र होतो, इतकंच दिसेल.

थिएटरातली गैरहजेरी

फ्लायशर स्टुडिओने जुलै 1933 पासून पॉपायची कार्टून थिएटरांत आणली. ‘प्लंडर आयलंड’ छापून येत होतं त्याच काळात ही कार्टून गाजत होती. गून मंडळींवर 1938 मध्ये स्वतंत्र कार्टूनही निघालं. सी हॅग मात्र थिएटरसाठी काढलेल्या पॉपायपटांत नाही. ज्या साच्यात पहिल्या मिनिटाला भांडण लागतं, पाचव्याला पॉपाय हरायला येतो, सहाव्याला डबा उघडतो आणि सातव्याला ठोशांचा पाऊस पडतो, त्यात ठोसा न खाणारं पात्र बसवायचं म्हणजे साचाच फोडावा लागतो. पिळदार, दाढीवाला, कितीही मारला तरी पुढच्या भागात ताजातवाना होणारा ब्लूटो हाताशी असताना तो खटाटोप कोण करणार?

सहा मिनिटं आणि ऑलिव्हच्या हातात डबा

1960 ते 1962 या काळात चित्रपट्टीचं वितरण करणाऱ्या किंग फीचर्सने टीव्हीसाठी तब्बल 220 छोटी कार्टून काढली. निर्माते अल ब्रोडॅक्स. इतका माल दोन वर्षांत एका स्टुडिओतून निघणं अशक्य होतं, म्हणून काम वाटलं गेलं: जॅक किनी, लॅरी हार्मन, जेराल्ड रे, न्यूयॉर्कचा पॅरामाउंट स्टुडिओ, आणि विल्यम स्नायडर यांच्यामार्फत युरोपातली मंडळी. इतक्या भागांना रोज नवा शत्रू हवा होता, त्यामुळे चित्रपट्टीतली जुनी पात्रं वर काढली गेली आणि सी हॅग प्रथमच पडद्यावर हलू-बोलू लागली.

या मालिकेत कोंडीवर जे उत्तर रूढ झालं ते असं: पॉपाय सी हॅगला मारू शकत नाही, तर पालक ऑलिव्हला द्या. ऑलिव्ह डबा संपवते, तिच्या काडीसारख्या दंडावर गाठ उठते आणि बाईचा हिशेब बाई चुकता करते. नियम शाबूत, ठोसाही शाबूत. उत्तर इतकं सोपं आहे की मुलाला समजवावं लागत नाही, आणि पहिल्यांदा पाहताना हसू हमखास येतं.

सोपं असल्यामुळेच ते वारंवार बिघडतं. बिघाड कुठे होतो हे पाहायला वेळेचा हिशेब मांडावा लागेल. सहा मिनिटांचं कार्टून म्हणजे 360 सेकंद. एक शॉट सरासरी चार सेकंदांचा धरला तर सगळे मिळून नव्वदेक शॉट. शीर्षक आणि शेवटची धून वजा करा, उरले ऐंशी. त्यात चार कामं व्हायलाच हवीत.

पहिलं, नियम दिसला पाहिजे, आणि तोही संकट यायच्या आधी. नेहमीची चूक अशी की सी हॅगने पॉपायला बांधून टाकल्यावर तो प्रेक्षकांकडे वळून सांगतो, बाईवर हात कसा टाकू! मुलाला ती सबब वाटते, कारण ही अट त्याने आत्ताच ऐकली. पहिल्या चाळीस सेकंदांत पॉपायचा हात उठतो, समोर बाई आहे हे कळताच तो टोपी काढून मागे सरतो, एवढा मूक शॉट टाकला तरी काम झालं. तीन सेकंद पुरतात, आणि ते वाचवण्यात काही अर्थ नाही.

दुसरं, डबा कुठे आहे हे प्रेक्षकाला माहीत हवं. पॉपायच्या सदऱ्यातून डबा निघतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑलिव्हकडे तो कुठून आला? हवेतून आला तर शेवट फुकटचा वाटतो. डबा घरंगळत जाणं, बर्नार्डच्या चोचीतून निसटणं, बांधलेल्या पॉपायने पायाने ढकलणं, काहीही चालेल, पण डब्याचा प्रवास निदान दोन शॉटमध्ये दिसलाच पाहिजे.

तिसरं काम सर्वांत जास्त वेळा राहून जातं: ऑलिव्हला स्वतःचं कारण हवं. चार मिनिटं ती नुसती दोरखंडात अडकून किंचाळत असेल आणि पाचव्या मिनिटाला एकाएकी योद्धा झाली, तर ती पॉपायच्या ठोशाचं पार्सल पोचवणारी ठरते. तिचं काहीतरी गेलेलं असावं, तिने एकदा पालकाशिवाय प्रयत्न करून फसलेलं असावं. निदान नकाशा तिने वाचावा आणि गलबत पॉपायने हाकावं.

चौथं, ऑलिव्ह लढत असताना पॉपाय काय करतो? तो कडेला उभा राहून टाळ्या वाजवत असेल तर मालिकेचा नायक शेवटच्या मिनिटात प्रेक्षक होतो. त्याला त्याच वेळी त्याच्या जोगतं काम द्यायचं: मोडणारी डोलकाठी पेलून धरणं, बर्नार्डशी झुंज, तळाशी पडलेलं भोक अंगाने बुजवणं. दोन कृती आलटून पालटून कापल्या की शेवटाची गतीही आपोआप वाढते.

आणि एक चूक निव्वळ काटकसरीची. घाईच्या कामात पॉपायच्या ठोशाची तयार चित्रं ऑलिव्हवर चढवली जातात. ऑलिव्हचं शरीर म्हणजे लांब नळ्या. तिचा मार कोपरांचा, गुडघ्यांचा, गरगर फिरणाऱ्या पायांचा आणि मोठाल्या बुटांचा असायला हवा. तिच्या हातून पॉपायचाच ठोसा निघाला की पात्र नाहीसं होतं आणि पालकाचा डबाच नायक ठरतो.

अनेक स्टुडिओंत वाटलेल्या कामाचा आणखी एक परिणाम असा की चेटकिणीची जादू भागागणिक बदलत राहते. जादूला मर्यादा नसणं हे लहान मुलांच्या मालिकेत शिथिल लेखनाचं हमखास लक्षण आहे. जी बाई क्षणात कुणालाही दगड करू शकते तिला खजिना चोरायला गलबत कशाला लागेल? अशा कामाला एक पानभर नियमावली पुरते: जादू कशाने होते, किती वेळ टिकते, कशाने तुटते, आणि कोणावर चालत नाही. चार ओळी. सगळ्या स्टुडिओंना तीच प्रत पाठवायची.

झगा, हनुवटी आणि घसा

सी हॅगचं रेखाटन स्वस्त ॲनिमेशनला फार सोयीचं आहे. सेकंदाला 24 चौकटी, एक चित्र दोन चौकटी धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं, म्हणजे सहा मिनिटांना 4,320. टीव्हीच्या खर्चात ते परवडत नाही. म्हणून शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड, डोळे आणि एखादा हात हलवायची पद्धत आली. जमिनीपर्यंत लोळणारा झगा असला की पाय काढावे लागत नाहीत आणि चालण्याची आवर्तनंही लागत नाहीत. पात्र नुसतं बाजूला सरकवलं तरी चेटकीण तरंगत चालली आहे असं वाटतं. ब्लूटोला असं सरकवलं तर लगेच हसं होतं. तिच्या बाबतीत तीच काटकसर गूढ वाटते.

अडचण तोंडाची. नाक आणि हनुवटी बाजूने पाहिलं तरच एकमेकांना भिडतात. समोरून काढली की चेहरा सपाट होतो आणि ओळखच जाते. त्यामुळे तिला शक्यतो पाऊण बाजूने किंवा पूर्ण बाजूने बसवावं आणि समोरचा शॉट एखाद्याच धमकीसाठी राखावा. बाजूने काढताना ओठ नाकाआड जातात. मग संवाद चालू आहे हे दाखवायला हनुवटी वर-खाली करावी लागते, आणि तेवढं पुरतंही.

आवाजाची गंमत निराळी. साठच्या दशकातल्या मालिकेत ऑलिव्ह आणि सी हॅग या दोघींचा आवाज मे क्वेस्टेल यांचाच. म्हणजे पालक खाल्लेली ऑलिव्ह चेटकिणीला बडवते तेव्हा एकाच घशातून मार आणि ओरड दोन्ही निघतात. असं काम करताना दोन्ही पात्रांचे संवाद एका दमात घेणं टाळतात. आधी एकीचे सगळे, मग दुसरीचे. ऑलिव्हचा स्वर उंच, कापरा, शब्दाच्या शेवटी लांबणारा. चेटकिणीचा खाली, खरखरीत, शब्द चावून तोडलेला. फरक फक्त पट्टीचा ठेवला तर रंगलेल्या भांडणात दोघी एकसारख्या ऐकू येतात. फरक लयीत हवा. आणि चेटकिणीचं हसणं नेहमी सत्राच्या अखेरीस घ्यावं. दहा वेळा खदखदून हसल्यावर घसा बसतो आणि उरलेले संवाद फुकट जातात. छोटं, मधलं आणि दम लागेपर्यंतचं अशी तीन लांबीची हसणी वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवली की संकलकाचं काम सोपं होतं.

नियम सगळ्यांनाच लागू झाला तेव्हा

या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग सप्टेंबर 1978 मध्ये सुरू होतो. हॅना-बार्बेरा स्टुडिओने सीबीएस वाहिनीसाठी पॉपायची नवी मालिका काढली. त्यात खजिन्याच्या शोधाचा एक वेगळा विभागही होता, म्हणजे सी हॅगला यापेक्षा योग्य घर मिळालं नसतं. मारिलिन श्रेफ्लर यांचा आवाज घेऊन ती त्या मालिकेत आलीही.

पण शनिवारी सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमांवर तोवर हिंसेबद्दलचे कडक निर्बंध आले होते. पॉपायला आता कुणालाही ठोसा मारता येत नव्हता, ब्लूटोलाही नाही. त्याला उचलून फेकायचं, गुंडाळायचं, त्याच्यावर काहीतरी पाडायचं, एवढंच हातात उरलं.

सी हॅगचं काय झालं ते पाहा. तिचं वेगळेपण एवढंच होतं की सगळ्यांना मार बसतो, तिला बसत नाही. आता कुणालाच बसत नाही. ब्लूटोला जे टाळायचं तेच तिला टाळायचं, आणि ब्लूटोला ज्या जाळ्यात पकडायचं त्याच जाळ्यात तीही सापडते. तिची जादू, झगा, गिधाड सगळं जागेवर आहे, पण ती इतर अनेक कार्टूनांतल्या चेटकिणींसारखीच एक चेटकीण झाली. तिची खरी ताकद तिच्या मंत्रतंत्रात कधीच नव्हती, ती पॉपायच्या नियमात होती, हे इथे नियम सरसकट झाल्यावर उघडं पडलं.

याउलट 1982 मध्ये निन्टेन्डोने काढलेल्या पॉपाय आर्केड गेमने नियम अचूक पकडला, आणि एकही शब्द न खर्चता. सी हॅग पडद्याच्या कडेला येते आणि बाटल्या फेकते. खेळणारा बाटलीवर ठोसा मारून ती फोडू शकतो. जहाजावरच्या टप्प्यात येणाऱ्या गिधाडावरही ठोसा चालतो. सी हॅगवर मात्र हल्ला करण्याची सोयच नाही. तिने फेकलेलं मोडता येतं, तिला हात लावता येत नाही. मुलाला हे दोन मिनिटं खेळलं की कळतं. सीगर यांच्या ‘तिच्याभोवतीचं पाडा’ या उत्तराचं हे सर्वांत स्वच्छ रूप म्हणावं लागेल. चित्रपट्टीला तीस रविवार लागले ते गेमच्या रचनेत अंगभूत होऊन बसलं.

2004 च्या संगणकीय विशेषपटात तिला कॅथी बेट्स यांचा आवाज मिळाला. पॉपाय आपल्या बापाच्या शोधात निघतो ती ही गोष्ट. आवाज उत्तम आहे. त्रिमितीत मात्र नाक-हनुवटीचा तो जुना प्रश्न परत उभा राहतो: कॅमेरा फिरला की बाजूचा आराखडा विरतो, आणि सपाट चित्रात जी भीती एका रेषेत होती ती आता उजेड-सावलीवर टाकावी लागते.

आज असं पात्र करायचं झालं तर

‘बाई आहे म्हणून मारायचं नाही’ हा नियम 1920 च्या दशकातल्या अमेरिकी पुरुषी सभ्यतेचा आहे. तो जसाच्या तसा उचलायची गरज नाही. घ्यायची ती रचना: नायकाचा एक स्पष्ट, एका वाक्यात सांगता येणारा नियम, जो त्याने स्वतः घेतला आहे आणि ज्याने त्याचं आवडतं हत्यार एका ठरावीक शत्रूपुढे बंद पडतं. झोपलेल्यावर वार नाही, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर वार नाही, निःशस्त्रावर वार नाही, असं काहीही चालेल. शेवटचा पर्याय विशेष मजेशीर, कारण अशी चेटकीण आपली छडी मुद्दाम खाली ठेवून नायकाला हतबल करू शकते.

नियमाची चाचणी अशी घ्यावी. नियम काढून टाकला आणि भाग तसाच चालला, तर नियम शोभेचा होता. नियम ठेवला आणि गोष्ट संपतच नाही, तर तो फार रुंद आहे. एका शत्रूला लागू आणि बाकी चौघांना नाही, एवढीच त्याची रुंदी हवी. 1978 च्या मालिकेत बाहेरून आलेल्या निर्बंधाने ही रुंदी पाचाला पाच केली आणि सगळं सपाट झालं.

मराठीत असं पात्र आणायचं तर नमुना अगदी दूर शोधायला नको. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि 2018 च्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी साकारली. चेटकीण एकाच वेळी घाबरवू आणि हसवू शकते हे मराठी बालप्रेक्षकाला नव्याने शिकवायला नको. पुरुष नटाने चेटकीण करण्याचा एक फायदा सी हॅगच्या संदर्भातही खरा आहे: प्रेक्षक तिच्या म्हातारपणाला हसत नाही, तिच्या कारस्थानाला हसतो.

ही काळजी इथे जास्तच घ्यावी लागते. सातपुड्याच्या काही भागांत आजही बाईला डाकीण ठरवून छळ होतो, आणि जादूटोण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांना आळा घालायला महाराष्ट्राला 2013 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्यामुळे एकटी राहते, म्हातारी आहे, वाकलेली आहे एवढ्या भांडवलावर मुलांची चेटकीण उभी करणं आळशीपणाचंही आहे आणि धोक्याचंही. सी हॅगच्या रूपाबद्दल हा आक्षेप घेता येतो, तिच्या उद्योगांबद्दल नाही. तिला वाईट ठरवतात ती तिची कृत्यं: लुटलेली जहाजं, धाकात ठेवलेली ॲलिस, दाबून ठेवलेलं सोनं. पटकथा तपासताना प्रत्येक भागात एक खूण करावी: ती दुष्ट आहे हे प्रेक्षकाला प्रथम कशावरून कळलं, चेहऱ्यावरून की कृत्यावरून? चेहऱ्याचा शॉट आधी येत असेल तर दोन्ही शॉटची अदलाबदल करावी. लुटलेल्या जहाजावरचं रिकामं कोठार आधी, नाक आणि हनुवटी नंतर. संकलनाच्या टेबलावर याला काहीच खर्च येत नाही.

ध्वनिरूपांतर (डबिंग) करणाऱ्यांसाठी एक शेवटची बाब. बाजूने काढलेल्या चेहऱ्यामुळे सी हॅगच्या बऱ्याच शॉटमध्ये ओठ दिसतच नाहीत, म्हणजे मराठी वाक्याची लांबी थोडी मागेपुढे झाली तरी खपून जाते. ऑलिव्ह आणि पॉपायच्या बाबतीत ही सवलत नाही. म्हणून नियम सांगणारं वाक्य, जे नेमकं बसलंच पाहिजे, ते पॉपायच्या तोंडी आधी आणि कमीत कमी अक्षरांत लिहावं. चेटकिणीच्या लांबलचक शापांना जागा नंतर काढता येते.